नर, मादी आणि दुकानदार

घरगुती मत्स्यालयात पाळल्या जाणाऱ्या शोभिवंत माशांपैकी ज्यांच्या लिंगाविषयी पाळणाऱ्याला आपले मत सर्वांत अधिक वेळा बदलावे लागते, ते मासे म्हणजे पूर्व आफ्रिकेच्या महासरोवरांतील सिक्लिड होत. सिक्लिड हे माशांचे एक मोठे कुळ असून त्याच्या शाखा दक्षिण अमेरिकेपासून भारताच्या किनाऱ्यापर्यंत पसरलेल्या आहेत. तथापि शौकिनांच्या बोलण्यात 'आफ्रिकन' असा नुसता उल्लेख आला, की तो प्रायः मलावी, टांगानिका आणि व्हिक्टोरिया या तीन सरोवरांतील माशांना उद्देशून असतो. मलावी सरोवर सुमारे ५८० किलोमीटर लांब आणि ७०० मीटर खोल आहे. टांगानिका त्याहून लांब व खोलीत त्याच्या दुप्पट, म्हणजे जवळजवळ १,४७० मीटर आहे. आणि व्हिक्टोरिया क्षेत्रफळाने या दोघांहून मोठे असले तरी खोलीने अगदी बेताचे आहे. एकट्या मलावीत सिक्लिडच्या पाचशेहून अधिक जाती उत्क्रांत झाल्या असून त्यांपैकी बहुतेक त्या सरोवराबाहेर जगात कोठेही नैसर्गिकरीत्या आढळत नाहीत. मात्र महाराष्ट्रातील अनेक दिवाणखान्यांत, तीन फुटी काचपेटीत, बुडबुडे सोडणाऱ्या प्लास्टिकच्या खजिन्याच्या पेटीशेजारी त्या हमखास आढळतात.

या माशांशी मराठी गृहस्थाची पहिली भेट बहुधा दुकानात होते आणि तेथे तो जो पहिला प्रश्न विचारतो, त्यातच पुढील सर्व अनर्थाचे बीज असते. तो विचारतो, "जोडी केवढ्याला?" समया, निरांजने, लव्हबर्ड आणि दिवाणखान्यातील पितळी हत्ती ज्याने आजवर जोडीनेच विकत घेतले, त्याला माशांचीही जोडीच असावी असे वाटणे स्वाभाविक आहे. दुकानदार या प्रश्नाने विचलित होत नाही. तो टाकीत जाळी घालतो, दोन मासे पिशवीत सोडतो आणि "हा नर, ही मादी" असा निवाडा देतो. या निवाड्यातील निःशंकता कोणत्याही जीवशास्त्रज्ञाच्या लेखनात सापडणार नाही. गिऱ्हाइकाने "नक्की ना?" असे विचारण्याचे धाडस केलेच, तर "वीस वर्षं हाच धंदा करतोय साहेब" असे उत्तर मिळते, त्यातील वीस वर्षे खरी असतात आणि धंदाही खराच असतो. दुकानदाराची पद्धत बारकाईने पाहिल्यास असे दिसते, की मोठा तो नर व लहान ती मादी हा पहिला नियम होय, भडक तो नर व फिकट ती मादी हा दुसरा, आणि दोन्ही मासे आकाराने व रंगाने सारखेच निघाले तर जाळ्यात जो आधी आला तो नर.

वास्तविक मलावीच्या माशांत जोडी नावाची संस्थाच नाही. मत्स्यालयात सर्वाधिक पाळला जाणारा तेथील गट 'म्बुना' या नावाने ओळखला जातो. काठालगतच्या खडकांत राहून दगडांवरील शेवाळ खरवडून खाणाऱ्या लहान, रंगीत आणि विलक्षण भांडखोर माशांना सरोवराकाठचे लोक हे नाव देतात. म्बुनाचा नर खडकातील एखादी कपार बळकावून तिचे रक्षण करतो, माद्या आपल्या सोयीने येतात, अंडी घालून जातात, आणि त्यानंतर त्या नराचा त्या संततीशी दुरान्वयानेही संबंध उरत नाही. अशा नराला एकाच मादीसह लहान पेटीत कोंडले, तर मादी अंड्यावर असो वा नसो, तो तिचा अहोरात्र पाठलाग करतो. चारआठ दिवसांत तिच्या परांच्या चिंध्या होतात आणि ती हीटरच्या मागे पाण्याच्या पृष्ठभागाशी तिरपी उभी राहू लागते. म्हणून जाणकार एका नरामागे तीनचार माद्या ठेवण्याचा सल्ला देतात, आणि शिवाय पेटीत थोडी गर्दीच करावी, म्हणजे मार अनेकांत वाटला जाऊन कोणा एकाच्या वाट्याला फार येत नाही, असेही सांगतात. गर्दीमुळे सुखाने जगणारे प्राणी निसर्गात थोडे आहेत. मुंबईकर वाचकाला हा मुद्दा अधिक विस्ताराने सांगण्याची गरज नाही.

येथे एक तर्कदोष नोंदवण्याजोगा आहे. दुकानदाराने दिलेल्या 'जोडी'त दोन्ही नर असले, तरी त्यांतील बलवान नर दुर्बलाला तशाच प्रकारे झोडपतो. आणि ते पाहून मालक निश्चिंत होतो, कारण मार खाणारी ती मादी असणार, असे त्याला कोणी न सांगताही ठाऊक असते. दुकानदाराचे विधान अशा रीतीने खरे असतानाही सिद्ध होते आणि खोटे असतानाही. या निष्कर्षातून माशांविषयी काही कळत नसले, तरी निष्कर्ष काढणाऱ्याच्या घराविषयी थोडेफार कळते.

लिंगओळखीच्या साधनांत रंगाचा मान पहिला आहे आणि फसवणुकीतही त्याचाच क्रमांक पहिला लागतो. 'केन्यी' या नावाने विकल्या जाणाऱ्या म्बुनाची पिल्ले निळी, आडव्या पट्ट्यांऐवजी उभ्या गडद पट्ट्यांची असतात. मोठेपणी मादी निळीच राहते आणि नर पिवळा होतो. 'ऑरेटस' या दुसऱ्या जातीत याच्या बरोबर उलट व्यवस्था आहे: पिल्ले आणि माद्या पिवळ्या असतात आणि नर वयात येऊन अधिकारावर बसला, की काळपट पडून त्यावर फिकट रेघा उमटतात. या दोन जाती एकाच पेटीत ठेवणाऱ्या गृहस्थाला पिवळा रंग दिसताच प्रथम जात आणि मग लिंग असा दोन पायऱ्यांचा विचार करावा लागतो, आणि पाहुण्यांसमोर तो विचार करताना त्याच्या चेहऱ्यावर ताण स्पष्ट दिसतो. 'यलो लॅब' म्हणून प्रसिद्ध असलेल्या तिसऱ्या जातीने तर हा प्रश्नच निकालात काढला आहे, कारण तिचे नर पिवळे आणि माद्याही पिवळ्याच असतात. नराच्या परांवरील काळी किनार अधिक गडद असते असे म्हणतात, पण ती किनार मिरवणाऱ्या कित्येक 'नरां'नी पुढे अंडी घातल्याची उदाहरणे पाळणाऱ्यांत सर्रास सांगितली जातात.

रंगाच्या या घोटाळ्याचे मूळ कारण असे, की सिक्लिडमध्ये भडक रंग हा नरत्वाचा दाखला नसून सत्तेचा आहे. एका पेटीत पाच नर असले, तरी पूर्ण रंग बहुधा एकाच्या अंगावर चढतो. उरलेले चौघे मादीसारखा फिकट वेष धारण करून, मान खाली घालून, कोणाच्या डोळ्यावर न येता दिवस काढतात. मुख्य नर मेला किंवा दुसऱ्या पेटीत हलवला, की या चौघांपैकी एकाच्या अंगात अकस्मात रंग संचारतो आणि 'चार माद्या' म्हणून ज्यांची नोंद होती त्यांची संख्या तीनवर येते. तो गेला की दोनवर. टांगानिकाच्या परिसरातील 'अ‍ॅस्टाटोटिलापिया बर्टनी' या माशावर स्टॅनफर्ड विद्यापीठाचे रसेल फर्नाल्ड यांनी दीर्घकाळ संशोधन केले. दबलेल्या नराला वर्चस्वाची संधी मिळताच त्याचा रंग आणि डोळ्यावरील काळा पट्टा काही मिनिटांत प्रकट होतो आणि पुढील काही दिवसांत त्याच्या मेंदूतील प्रजननाशी संबंधित विशिष्ट चेतापेशी आकाराने वाढतात, असे त्यातून दिसून आले. खुर्ची मिळाल्यावर अंगावर रंग चढणे इतरत्रही पाहायला मिळते, परंतु मेंदूतील पेशी वाढल्याचा पुरावा तूर्त माशांपुरताच उपलब्ध आहे. याखेरीज नर नसलेल्या पेटीत एखादी दांडगी मादीच नराचा रंग घेऊन सर्वांवर हुकूमत गाजवू लागते, त्यामुळे भडक तो नर हा नियम जसा उलट बाजूने टिकत नाही तसा सुलट बाजूनेही टिकत नाही.

ग्राहकाची रंगाची ओढ आणि निसर्गाची दिरंगाई यांच्या कात्रीत सापडलेल्या व्यापाराने यावर एक तोडगा काढला आहे. 'पीकॉक' नावाच्या मलावी माशांचे नर निळे, पिवळे, तांबडे असे देखणे असतात, परंतु त्यांची पिल्ले बरेच महिने नुसती राखाडी असतात आणि माद्या तर जन्मभर राखाडीच राहतात. राखाडी मासा दिवाणखान्यासाठी कोणी घेत नाही, म्हणून काही ठिकाणी पिल्लांच्या खाद्यात नर-संप्रेरक, म्हणजे शरीरात पुरुषलक्षणे उत्पन्न करणारे रसायन, मिसळले जाते आणि दोन इंचांचे सगळेच मासे, त्यांत माद्याही आल्या, ऐन तारुण्यात आल्यासारखे झळकू लागतात. घरी आणल्यावर संप्रेरकाचा पुरवठा थांबतो, काही महिन्यांत रंग उतरतो, आणि मालक पाण्याला, खाद्याला, फिल्टरला आणि शेवटी शेजाऱ्यांच्या दृष्टीला दोष देतो. हेच संप्रेरक खाद्यमाशांच्या शेतीत उघडपणे वापरले जाते. उजनीच्या काठी ज्याला चिलापी म्हणतात तो तिलापियाही आफ्रिकेचाच सिक्लिड असून त्याची मोझांबिकी जात भारतात १९५२ साली आणली गेली. तिलापियाच्या शेतीत नुकत्या जन्मलेल्या पिल्लांना हे रसायन चारून सर्व पिल्लांचे नर केले जातात, कारण नर लवकर वाढतात आणि तळ्यात अवांतर प्रजोत्पादन होत नाही. भिगवणच्या एखाद्या खानावळीत चिलापीच्या तुकड्यावर लिंबू पिळणाऱ्या गिऱ्हाइकाला नर की मादी हा प्रश्न पडत नाही, आणि सिक्लिडच्या सहवासात इतका समाधानी मनुष्य दुसरा क्वचितच आढळतो.

रंग अविश्वसनीय ठरल्यावर अभ्यासक शेपटीकडील पराकडे वळतो. बहुतेक मलावी नरांच्या गुदपरावर, म्हणजे पोटाखालच्या मागील परावर, पिवळे-नारिंगी वाटोळे ठिपके असतात आणि ते हुबेहूब अंड्यांसारखे दिसतात. जर्मन प्राणिवर्तनशास्त्रज्ञ वोल्फगांग विकलर यांनी १९६२ साली त्यांची उपपत्ती मांडली ती अशी: मादी अंडी घालताक्षणी ती तोंडात घेते, इतक्या घाईने, की नराला ती फलित करण्यास अवधीच मिळत नाही; मग नर आपला पर तिच्यासमोर पसरतो, मादी त्यावरील ठिपक्यांना राहून गेलेली अंडी समजून तोंडाने टिपू पाहते, आणि त्याच वेळी नराने सोडलेले शुक्र तिच्या तोंडात जाऊन आतील अंडी फलित होतात. पुढील काळात काही जातींवरील प्रयोगांतून या ठिपक्यांचा मादीवर वाटला तितका प्रभाव नसून प्रतिस्पर्धी नराला दबकावण्यासाठीही ते उपयोगी पडत असावेत असे दिसले, आणि उपपत्ती थोडी गुंतागुंतीची झाली. पाळणाऱ्याची अडचण याहून साधी आहे. ठिपके असतील तो नर, असे त्याला कोणीतरी सांगितलेले असते, आणि ठिपके माद्यांनाही असतात. थोडे कमी, थोडे फिकट, पण असतात. परिणामी तो रोज संध्याकाळी काचेला नाक लावून फिरत्या माशाचे ठिपके मोजतो, आणि मासा नेमका तिसऱ्या ठिपक्याला वळतो.

यानंतर उरते ती खात्रीची म्हणून सांगितली जाणारी पद्धत, जननछिद्राच्या तपासणीची. माशाच्या पोटाखाली एकामागे एक दोन छिद्रे असतात. डोक्याकडील ते गुदद्वार आणि शेपटीकडील ते जननछिद्र. नरात ही दोन्ही आकाराने साधारण सारखी असतात, तर मादीचे जननछिद्र, त्यातून अंडे बाहेर पडावयाचे असल्याने, गुदद्वाराहून स्पष्टपणे मोठे व रुंद असते. पुस्तकातील आकृतीत हा फरक पाचवीतल्या मुलालाही कळेल असा काढलेला असतो. प्रत्यक्षात मासा अडीच-तीन इंचांचा होईपर्यंत तो दिसत नाही, दिसू लागला तरी मोहरीच्या दाण्याहून लहान जागेत दिसतो, आणि तो पाहण्याचा छंद माणसाला बहुधा ज्या वयात जडतो, त्या वयात डोळ्यांवर चाळिशीचा चष्मा आलेला असतो. हात ओले करून मासा तळहातावर उताणा धरावा आणि काही सेकंदांत पाहून सोडून द्यावा, असा दंडक आहे. मासा मात्र पहिल्याच सेकंदात निसटून सोफ्याखाली जातो आणि नंतरची तपासणी घरातील सर्व मंडळींच्या उपस्थितीत पार पडते. घरातील तरुण पिढी यावर भ्रमणध्वनीने छायाचित्र काढून ते मोठे करून पाहण्याचा उपाय सुचवते. तो उपाय उत्तम आहे. मात्र ते छायाचित्र चुकून नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर गेल्यास ते कशाचे आहे आणि का काढले, याचा खुलासा करणे लिंगनिश्चितीहून कठीण जाते. शिवाय 'मोठे' हे विशेषण सापेक्ष असल्याने एकाच माशाकडे पाहून निर्णय देता येत नाही. तुलनेसाठी दुसरा मासा लागतो, आणि त्या दुसऱ्याचे लिंग ठरवण्यासाठी तिसरा.

पाळणाऱ्याच्या या गोंधळाबद्दल त्याला फार दोष देता येत नाही, कारण लिंग कसे ठरवावे याविषयी खुद्द सिक्लिडांतही एकमत नाही. माणसात बापाकडून येणारे गुणसूत्र मुलगा की मुलगी हे ठरवते, पक्ष्यांत ते आईकडून ठरते. मलावीच्या माशांत या दोन्ही व्यवस्था निरनिराळ्या जातींतच नव्हे, तर काही वेळा एकाच जातीत शेजारी शेजारी नांदतात. या माशांच्या काही माद्यांच्या अंगावर नारिंगी भूमीवर काळे डाग असतात. असा रंग डागाळलेल्या खडकांवर मादीला लपण्यास उपयोगी पडतो, परंतु नराची मादीला भुलवणारी निळी कांती त्याने बिघडते. म्हणजे एकच जनुक बहिणीला तारक आणि भावाला मारक. २००९ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दाखवले गेले, की या रंगाचे जनुक एका नव्या मादी-निर्धारक जनुकाला चिकटून बसले आहे, त्यामुळे रंग मिळाला की मादीपणही मिळते आणि घरातील तंटा परस्पर मिटतो. अर्थात काही थोडे नर तरीही डागाळलेले निघतात, आणि बाजारात त्यांना 'मार्मलेड कॅट' या नावाने चढी किंमत मिळते.

या सगळ्या अनिश्चिततेचा शेवट एक दिवस अचानक होतो. ज्या माशाला दोन वर्षे 'शेरखान' म्हणून हाक मारली, तो खाद्य टाकल्यावर वर येत नाही, त्याचा गळा फुगलेला दिसतो, तो जबडा सारखा चाळवत राहतो, आणि शेरखानच्या तोंडात अंडी असल्याचे उघड होते. मलावीच्या जवळजवळ सर्व सिक्लिडांत मादी अंडी आणि नंतर पिल्ले तोंडातच वाढवते. या प्रकाराला मुखसंगोपन म्हणतात. नर तळाची वाळू साफ करतो, अंग थरथरवत मादीला बोलावतो, दोघे एकमेकांच्या शेपटीशी तोंड आणून गोल फिरतात, मादी काही अंडी घालते, वळून उचलते, नराच्या पराशी तोंड नेते, आणि हे चक्र तासभर किंवा अधिक वेळ चालते. त्यानंतर पाण्याच्या तापमानानुसार साधारण तीन आठवडे मादी उपाशी, किंवा जवळजवळ उपाशी राहते. घरातील ज्येष्ठ स्त्रीला या कालावधीत प्रथमच या छंदाविषयी आपुलकी वाटू लागते, कालनिर्णयावर तारखेभोवती गोल काढला जातो, आणि "तिला बिचारीला काही खाता तरी येतं का?" अशी चौकशी ज्या घरात आजवर केवळ विजेच्या बिलाची होत होती, तेथे होऊ लागते. मुखात अंडी धरणे हा मादीपणाचा निर्णायक पुरावा खरा, परंतु तो फक्त तिच्यापुरताच. पेटीत एकही नर नसला तरी मादी कधी कधी अफलित अंडी घालून ती तोंडात धरते आणि काही दिवसांनी टाकून देते. पहिलटकरीण तर घाबरली, जाळ्याने हलवली गेली किंवा शेजारी फार डोकावले, तर फलित अंडीही गिळून टाकते.

पिल्ले वाचवायची असतील, तर दोनेक आठवड्यांनी मादीला वेगळ्या पेटीत हलवावे, की तिचा जबडा अलगद उघडून पिल्ले काढून घ्यावीत, यावर पाळणाऱ्यांत दोन कडवे पंथ आहेत. पहिला पंथ दुसऱ्याला निर्दय म्हणतो आणि दुसरा पहिल्याला भाबडा, कारण नव्या पेटीत पोहोचेपर्यंत भाबड्यांच्या मादीने आपला प्रश्न बहुधा गिळून सोडवलेला असतो. पाण्याची गोष्ट मात्र सोपी आहे. या सरोवरांचे पाणी क्षारयुक्त आणि अल्कधर्मी असल्याने मुंबईच्या मऊ नळपाण्यात शिंपल्यांचा किंवा प्रवाळाचा चुरा घालावा लागतो, उलट देशावरील ज्या बोअरवेलच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, त्यात हे मासे तक्रार न करता राहतात. म्बुना शाकाहारी प्रवृत्तीचे असल्याने त्यांना प्रेमापोटी मांसल खाद्य फार घातले, तर पोट फुगून मरतात, एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

पहिल्या वीस-तीस पिल्लांचा आनंद निर्भेळ असतो. तिसऱ्या खेपेनंतर घरात बादल्या कमी पडू लागतात. नातेवाईक, सहकारी आणि मुलांचे शिक्षक यांना मासे भेट देऊन होतात, आणि अखेरीस मालक पिशवी घेऊन त्याच दुकानी जातो, जेथे दुकानदार ती पिल्ले खाद्याच्या एका डब्याच्या बदल्यात ठेवून घेतो आणि मालक पायऱ्या उतरण्यापूर्वीच त्यांतील दोन जोडी म्हणून विकतो. या पिल्लांची जात कोणती, हा प्रश्न त्या वेळी कोणी विचारत नाही. तो विचारायला हवा, कारण आपल्या जातीचा नर उपलब्ध नसेल तर मादी उपलब्ध असलेल्या परजातीय नराशी संग करते, आणि अशा मिश्र पेटीतील संततीला बाजारात 'असॉर्टेड' असे भारदस्त नाव मिळते.

हा केवळ पेटीतला प्रकार असता तर त्याकडे दुर्लक्ष करता आले असते. व्हिक्टोरिया सरोवरातील माद्या आपल्या जातीचा नर मुख्यतः रंगावरून ओळखतात. काठावरील शेती व वस्तीच्या सांडपाण्याने पाणी गढूळ झाले, रंग दिसेनासे झाले, आणि जेथे पाणी गढूळ तेथे जातींची संख्या कमी व रंगही फिके, असे ओले सीहाउझन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखवून दिले. सुमारे पंधरा हजार वर्षांपूर्वी कोरडे पडलेले हे सरोवर पुन्हा भरल्यानंतर ज्या शेकडो जाती तेथे निर्माण झाल्या, त्यांतील कित्येक १९५०च्या दशकात सोडलेल्या नाइल पर्च या शिकारी माशाने खाल्ल्या, आणि उरलेल्यांतील काही अशा रीतीने एकमेकांत विरघळून गेल्या. व्हिक्टोरियाच्या काही जाती आज जगभरातील मत्स्यालयांत जपल्या जात आहेत. त्या जपणाऱ्यांना नर-मादी ओळखण्याची जी घाई असते, ती आपल्या दिवाणखान्यातील घाईहून वेगळ्या प्रतीची आहे.

जोडीवर ज्याची श्रद्धा अढळच आहे, त्याने टांगानिकाकडे वळावे. तेथे जोड्या असतात, पण त्याबरोबर आणखी बरेच काही असते. 'निओलॅम्प्रोलोगस पुल्चर' या माशाची जोडी एकटी राहत नाही; वयात आलेली भावंडे आणि इतर दुय्यम मासे तिच्या आश्रयाने राहून धाकट्यांना राखतात, वाळू उपसतात, शत्रूला हाकलतात. एकत्र कुटुंबपद्धतीचे हे चित्र पाहून ज्यांचा ऊर भरून येतो, त्यांनी पुढील भागही वाचावा: संशोधकांच्या मते हे साहाय्य म्हणजे बऱ्याच अंशी घरभाडे असते, आणि काम टाळणाऱ्या माशाला कर्ते जोडपे चोपते. 'लॅम्प्रोलोगस कॅलिप्टेरस'चा नर मादीच्या सरासरी बारापटीहून अधिक वजनाचा असतो. तो गोगलगाईंचे रिकामे शंख तोंडाने वाहून आणतो, शेजाऱ्याचे चोरतोही, आणि माद्या त्या शंखांत शिरून अंडी घालतात. या जातीत तरी लिंगओळख निर्विवाद असेल असे वाटते, तोच शास्त्रज्ञ सांगतात की तिच्यात काही नर जन्मतःच बुटके असतात आणि ते मादीच्या मागून शंखात घुसून आपला कार्यभाग साधतात, मालक बाहेर पहारा देत असताना. याच सरोवरातील 'सायनोडॉन्टिस मल्टिपंक्टेटस' हा ठिपकेदार मार्जारमीन सिक्लिडांच्या मीलनात मध्येच घुसून त्यांची काही अंडी खातो आणि आपली टाकून जातो. सिक्लिडची मादी घाईत ती उचलते, आतली परकी अंडी आधी फुटतात, आणि ती पिल्ले तिच्याच तोंडात बसून तिची पिल्ले खातात. कोकिळेची ही रीत या माशाने कोठून घेतली ते निसर्ग जाणे. मात्र तीन आठवडे कालनिर्णयावर खुणा करणाऱ्या एखाद्या मालकाच्या मादीने शेवटी मिशीवाली पिल्ले थुंकली, तर तिच्या चारित्र्यावर संशय घेण्यापूर्वी पेटीतील मार्जारमीन मोजावेत.

तेव्हा आफ्रिकन सिक्लिड पाळू इच्छिणाऱ्याने दुकानात जोडी मागू नये. एका वेळी एकच जात निवडावी, तिची सहा ते आठ लहान पिल्ले घ्यावीत, चार फुटांची पेटी आणि भरपूर दगड द्यावेत, आणि सुमारे वर्षभर थांबावे. तोवर त्यांतील कोण कोण आहे हे ती आपसांत ठरवतात आणि जादा निघालेले नर तेवढे दुसरीकडे द्यावे लागतात. जवळच्या नदीत, तलावात किंवा विहिरीत ते सोडू नयेत. आणि ज्यांना वर्षभर थांबणे जमणार नाही, उत्तर आजच हवे आहे, त्यांनी गप्पी पाळावेत: त्यांत रंगीत, लहान आणि मोठ्या शेपटीचा तो नर, भुरकट व पोटाळ ती मादी, आणि हे दुकानाच्या बाहेर उभे राहूनही दिसते.